नांगर विकणारे अण्णा

जयसिंगपूर हे पेठेचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ते वसविले. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग आधीच तेथून जात होता. त्याच्या कडेला आखीव रस्ते पडले, दुकाने व वखारी उभ्या राहिल्या आणि आसपासच्या खेड्यांतील माल या पेठेत उतरू लागला. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे शेतकरी गाड्या भरभरून येत आणि व्यापारी घराण्यांच्या वह्यांत जमाखर्चाची पाने भरत. पेठेची बरकत शेवटी रानात पिकते, हे येथील जुन्या व्यापाऱ्यांना कोणी सांगावे लागत नसे.

ज्या सुमारास ही पेठ वसत होती, त्याच सुमारास दक्षिण महाराष्ट्राच्या रानांत एक मोठे स्थित्यंतर घडत होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लाकडी नांगराशेजारी लोखंडी नांगर येऊन उभा राहिला होता. हा नवा नांगर गावोगाव नेऊन शेतकऱ्यांच्या गळी उतरविणाऱ्यांमध्ये एक धिप्पाड जैन तरुण होता. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे त्याचे जन्मगाव. पुढे महाराष्ट्र त्याला कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने ओळखू लागला आणि सहस्रावधी विद्यार्थी त्याला ‘अण्णा’ म्हणू लागले. त्यांच्या शिक्षणकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या कष्टाच्या कमाईची, नांगराच्या फिरतीची आणि त्यांच्या प्रपंचाची हकीकत व्यापारी कुटुंबांनी निराळ्या नजरेने वाचावी अशी आहे. अण्णांनी पुढे जे उभारले, त्याचे शिक्षण त्यांना नांगर विकताना मिळाले. आणि त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली.

कुंभोजचे आजोळ, ऐतवड्याचे घर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या सावलीतले हे गाव. पाटील घराणे मूळचे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. घरी शेती, धर्माचरण कडक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब फिरत राहिले. मातुःश्री गंगाबाई धर्मनिष्ठ होत्या. घरातील सोवळ्याचे नियम मोडून भाऊराव लहानपणीच अस्पृश्य मुलांत मिसळत. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारले जाते, ही गोष्ट त्यांना कधीच पटली नाही.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे बोर्डिंगची व्यवस्था पाहत असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा नियम होता. त्यांनी तो पाळला नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, तथापि शाळेतील शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

यानंतरची काही वर्षे पोटासाठी धडपडण्यात गेली. मुंबईस जाऊन जवाहिरांच्या व्यापारात उमेदवारी करून पाहिली. ती मानवली नाही. साताऱ्यास शिकवण्या केल्या, तेथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. १९१० साली दूधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचा आश्रम काढला. घरोघरच्या स्त्रियांनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढावे आणि त्या मुठीमुठीतून मुलांचा स्वयंपाक चालावा, अशी तेथील योजना होती. मोठ्या देणगीची वाट न पाहता थोड्याथोड्या जमेवर काम सुरू करण्याची ही रीत भाऊरावांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९१४ साली त्यांच्यावर कसोटीचा प्रसंग आला. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. लठ्ठे म्हणजे ज्यांच्या अमदानीत त्यांना बोर्डिंग सोडावे लागले तेच गृहस्थ. मनात आकस असता तर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी कोठडी पत्करली, हाल सोसले, पण खोटी साक्ष दिली नाही. सत्यव्रत पोथीत वाचणे सोपे असते. ज्याने आपल्याला घराबाहेर काढले त्याच्यासाठी ते पाळणे फार अवघड. पुढे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झालेल्या लठ्ठे यांच्या चरित्रातही या साक्षीदाराचे मौन मोलाचे ठरले.

लोखंड आणि संशय

या प्रकरणानंतर भाऊराव किर्लोस्करांच्या नांगराचे फिरते विक्रेते झाले. हे काम त्यांनी १९२२ पर्यंत केले.

किर्लोस्करांचा नांगर ज्यांनी घडविला ते लक्ष्मणराव किर्लोस्कर हाडाचे यंत्रज्ञ होते. मुंबईत शिकवीत असताना बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचे दुकान व लहानसा कारखाना चालविला. कडबा कापण्याचे यंत्र काढले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली. पुढे औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आजच्या सांगली जिल्ह्यात आहे.

शेतकऱ्याच्या संशयाला हसण्याचे कारण नाही. लाकडी नांगर गावातच तयार होई. सुतार हळस आणि रुमणे घडवी, लोहार फाळ शेवटून देई. दोघांनाही बलुते मिळे. मोडतोड झाली तर दुपारपर्यंत दुरुस्ती होई. लोखंडी नांगर मात्र परगावाहून येई, रोख पैसा मागे, आणि त्याचा फाळ झिजला की सुटा भाग पुन्हा कारखान्यातूनच आणावा लागे. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर अवलंबून, त्याने नव्या अवजारावर भरवसा ठेवावा तरी कशाच्या जोरावर?

उत्तर रानातच मिळत असे. लाकडी नांगर जमीन नुसती फाडत जातो. लोखंडी नांगराचा वाकवलेला पत्रा मातीचे ढेकूळ पालथे घालतो. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात, खालची माती तापते, पावसाचे पाणी खोल मुरते. काळ्या रानात त्याला बैल अधिक जुंपावे लागतात, पण नांगरट खोल होते. हे सारे तोंडाने सांगून कोणी विकत घेत नाही. विक्रेत्याला नांगर प्रत्यक्ष शेतात नेऊन चालवून दाखवावा लागे. खोली किती ठेवायची, बोल्ट कोठे आवळायचा, झिजलेला फाळ केव्हा बदलायचा, हे स्वतः मातीत उतरून शिकवावे लागे. शेतकऱ्याचा पोर असल्याखेरीज हे साधणारे नव्हते. भाऊरावांचा देह दणकट होता, रुमणे धरण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, आणि बोलणे शेतकऱ्यांच्या बोलीतले होते.

पहिल्या महायुद्धात कारखान्याला कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. एके काळी माणसे मारण्यासाठी ओतलेले लोखंड रान नांगरू लागले, ही घटना अहिंसेचा संस्कार जपणाऱ्या घरांना विशेष वाटावी अशी आहे.

बांधावर मिळालेला धडा

नांगराच्या निमित्ताने भाऊराव सातारा, सांगली, कोल्हापूरकडील खेडी पालथी घालीत राहिले. मुक्काम गावात, जेवण शेतकऱ्याकडे, बोलणे बांधावर. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची नड लवकर कळते. भाऊरावांना जी नड कळली, ती नांगराने भागणारी नव्हती. नांगर घेतल्यावर करारावर अंगठा उमटे. त्याच अंगठ्याने सावकाराचा कागद होई, त्याच अंगठ्याने जमीन गहाण पडे. कागदात काय लिहिले आहे, हे वाचणारा घरात कोणी नसे. रानाची नांगरट सुधारली तरी तिचे फळ शेतकऱ्याच्या घरात टिकेल याची शाश्वती नव्हती.

सत्यशोधक विचारांचा प्रभाव त्यांच्या मनावर होताच. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक परिषद भरली. तेथे ठराव झाला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थापक तेव्हाही नांगर विकत होते. दिवसा फिरती करून मिळविलेला पैसा एका हाताने घरी आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या शिधासामग्रीला जात होता.

संस्था चालविण्याची त्यांची पद्धत पाहिली तर तिच्यावर नांगराच्या विक्रीची छाप स्पष्ट दिसते. शिक्षणाचे महत्त्व व्याख्यानात पटत नाही, हे त्यांना ठाऊक होते. एखाद्या गावातील एक गरीब मुलगा शिकून परत आला, पत्र वाचू लागला, हिशेब तपासू लागला, की दुसऱ्या वर्षी त्याच गावातून चार मुले येत. पालथी पडलेली एक सरी पाहून शेजारचा शेतकरी नांगर मागे, त्यातलाच हा प्रकार. मुलांकडून फी मागण्यापेक्षा त्यांच्याकडून काम घ्यावे आणि कामातून शिक्षणाचा खर्च भागवावा, हा विचारही शेताच्याच वाटेने आला. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद झाले आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह.

साताऱ्याचा कारखाना

१९२२ साली साताऱ्यात धनजीशहा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांचा मोठा वाटा होता. नांगराचे गुणदोष, शेतकऱ्यांची पसंती, गावोगावची ओळख ही त्यांची पुंजी होती. नफ्यातील काही भाग संस्थेच्या कार्याला मिळावा, या अपेक्षेने त्यांनी ती पुंजी तेथे लावली. परंतु पुढे मतभेद झाले. ठरल्याप्रमाणे संस्थेला काही मिळत नाही असे दिसल्यावर ते कारखान्यातून बाहेर पडले.

प्रापंचिक माणसाच्या दृष्टीने ही फार जोखमीची घटना होती. बांधलेली मिळकत गेली. वय पस्तिशी ओलांडलेले. पदरी कुटुंब आणि शिवाय दुसऱ्यांची मुले. दुसऱ्या नोकरीची दारे बंद नव्हती. लोखंडाच्या धंद्याची माहिती असलेल्या अशा माणसाला कोणत्याही पेठेने मानाने गादीवर बसविले असते. भाऊरावांनी त्या वाटेकडे पाठ फिरविली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. ब्राह्मणापासून महारा-मांगापर्यंतची मुले एका पंगतीत बसून, एकत्र शिजविलेले अन्न खात होती.

वहिनींचे सोने

या पंगतीचे अन्न कोठून आले, हा हिशेबाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या नावावर जमा आहे.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील कन्या. माहेराहून त्या भरपूर सोने घेऊन आल्या होत्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झालेले. अशा स्त्रीच्या स्वयंपाकघरात पतीने एके दिवशी नाना जातींची पोरकी मुले आणून बसविली. प्रारंभी त्यांना हे जड गेले, यात नवल नाही. पतीच्या धर्मकल्पनेपर्यंत पोहोचायला त्यांना आपल्या माहेरचा सारा संस्कार ओलांडावा लागला. पण एकदा ती मुले आपली मानली, आणि मग मागे वळून पाहिले नाही. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणत. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसत, लहानग्यांना न्हाऊ घालीत, एखाद्याने उपाशी झोपू नये म्हणून डबे धुंडाळीत.

घरात पैसा येणे थांबले की दागिना बाहेर निघे. एकेक करून माहेरचे सोने मुलांच्या धान्यात आणि पुस्तकांत उतरले. एकदा भाऊराव परगावी होते आणि कोठीत दाणा उरला नव्हता. मुलांना उपाशी ठेवण्याऐवजी वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र मोडीला काढले आणि धान्य भरले. सौभाग्यलेण्याला त्या काळी काय अर्थ होता, हे ज्यांच्या घरी सराफी आहे त्यांना सांगावयास नको. कितीही अडचण आली तरी गहाणवटीला न येणारी अशी ती एकच वस्तू असे.

१९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. कार्याचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती केवळ ओढाताण. मुलगा अप्पासाहेब आणि इतर मुले आईच्या मायेला मुकली, आणि वसतिगृहातील मुलांचीही आई गेली. चरित्रकार भाऊरावांच्या त्यागाचे गुणगान करतात, ते योग्यच आहे. तरी हेही लिहून ठेवले पाहिजे की भाऊरावांनी हा मार्ग स्वतः निवडला होता. वहिनींना तो सासरी आल्यावर भेटला. निवड दुसऱ्याची आणि खर्च आपला, असे असूनही त्यांनी जे मनापासून दिले, त्याचे मोल म्हणूनच अधिक. आज संस्था त्यांना ‘रयत माउली’ म्हणून वंदन करते.

मातीशी न तुटलेले नाते

पत्नीच्या पश्चात भाऊरावांचा प्रपंच आणि संस्था यांतील भिंत उरली नाही. अंगावर खादी, वाढलेली दाढी, पायी प्रवास, मिळेल तेथे भाकरी. १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ या योजनेतून मुले सकाळी शेतात राबत, विहिरी खणत, इमारतींसाठी दगड फोडत आणि नंतर वर्गात बसत. ज्या हातांनी नांगर धरला त्याच हातांनी लेखणी धरावी आणि लेखणी धरल्यावर नांगराची लाज वाटू नये, असा हा कटाक्ष होता.

त्या वसतिगृहात वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. असे कित्येक शिक्षक, अधिकारी, शास्त्रज्ञ त्या पंगतीतून उठले. आज संस्थेच्या शाखांची संख्या सातशेच्या पुढे आहे. भारत सरकारने १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला डी. लिट्. ही पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात, त्यांनी उभारलेल्या वसतिगृहाच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

वहीतील शिल्लक

आपल्या धर्मात श्रावकाला परिग्रहाचे परिमाण घालून घेण्यास सांगितले आहे आणि दानाच्या प्रकारांत आहारदान व ज्ञानदान यांना मोठे स्थान आहे. भाऊरावांच्या घरात ही दोन्ही दाने एकाच ताटात वाढली गेली. ती शिलकीतून झाली नव्हती. शिलकीतून केलेल्या दानाचे पुण्य असतेच; पण संसाराची पुंजी मोडून केलेले दान सर्वांच्या आवाक्यातले नाही आणि प्रत्येक कुटुंबाने ते करावे असा आग्रहही कोणी धरू नये. ज्या घरात एक माणूस समाजकार्यासाठी बाहेर पडतो, तेथे त्याचा भार कोणाच्या खांद्यावर येतो, एवढे तरी त्या घराने आणि समाजाने विसरू नये.

व्यापारी कुटुंबांना या चरित्रातून उचलण्यासारख्या गोष्टी अगदी व्यवहारातल्या आहेत. माल विकताना गिऱ्हाइकाची खरी नड ओळखावी. सांगण्यापेक्षा करून दाखवावे. मूठभर जमेने काम सुरू करावे. आपल्या दुकानात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा कोठे शिकतो, त्याची शाळा मध्येच सुटली आहे काय, एवढी चौकशी पेठेतील प्रत्येक गादीवरून होऊ शकते. दिवाळीला वहीपूजन झाल्यावर नव्या वहीचे एक खाते एखाद्या विद्यार्थ्याच्या नावे उघडता येते. आणि त्या खात्यावर पैसे टाकताना घरातील स्त्रीचे मत आधी विचारले जावे. कारण कुंभोजच्या त्या लेकीला ते विचारणारे त्या काळी कोणी नव्हते.